लेस्टच्या पुढचं

"प्लीज रिमेन सीटेड, लेस्ट."

एवढं बोलून ते थांबायचे. उजव्या हाताचा तळवा खाली करून हवा दाबल्यासारखी करायचे, आणि जिप्सीतले सहाही जण मुकाट्याने बसायचे. लेस्टच्या पुढे काय, असं कोणी विचारत नसे. विचारणारी पहिली मीच निघाले.

तुम्ही आमच्या भागातल्या जंगलात कधी फिरायला आला असाल, तर गाइड नावाचा प्राणी तुम्ही पाहिलाच असेल. हिरवा शर्ट, टोपी, पुढच्या सीटवर अर्धा वळून बसलेला. तुमच्याआधी त्याला सगळं दिसतं, आणि तुम्हाला दिसेपर्यंत ते झुडपात गेलेलं असतं. हे त्यांच्यातले सगळ्यात जुने. साठीच्या आसपासचे, काटक, गालफडं बसलेली. नाव लिहीत नाही आणि गेटचंही नाव लिहीत नाही. गोंदिया जिल्ह्यात गेट काही एकच नाही. सगळे त्यांना काकाजी म्हणायचे, मीही तेच म्हणते.

मी गोंदियात ज्युनियर कॉलेजला इंग्रजी शिकवते. विदेशी पाहुणे वाढले, तेव्हा गाइडांना इंग्रजी आलं पाहिजे असं वरून आलं, आणि आठ दिवसांच्या वर्गासाठी मला बोलावलं. आठव्या दिवशी तोंडी परीक्षा. पास होतील त्यांची नावं पाळीच्या यादीत राहणार, नापासांची कटणार. गाइडाला पगार नसतो. यादीत नाव असेल तर फेरी मिळते, नाहीतर घरी बसावं लागतं. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे आपल्या हातात काय आहे ते ठाऊक नव्हतं, असं म्हणायला मला जागा नाही.

वर्ग माहिती केंद्राच्या हॉलमध्ये भरायचा. गेटची साखळी ओलांडली की डाव्या हाताला शेंदूर लावलेला वाघदेवाचा दगड, गावकऱ्यांच्या लेखी जंगलाची हद्द, आणि तिथून पन्नास पावलांवर हॉल. बाकांवर वीस-बावीस पोरं, मोबाइलवर व्हिडिओ पाहून इंग्रजी शिकलेली. आणि शेवटच्या बाकावर, टोपी मांडीवर ठेवून, काकाजी.

त्यांचं इंग्रजी ऐकून मी पहिल्या दिवशी खडू हातात धरून उभीच राहिले. त्यांचे वडील जुन्या फॉरेस्ट बंगल्यावर चौकीदार होते. बंगल्याच्या कपाटात शेरेबुकांचा गठ्ठा होता. मुक्काम करून जाणारे साहेब त्यात ऐसपैस शेरे लिहून जायचे. गावात दहावीपर्यंत शिकलेल्या मुलाला इंग्रजी वाचायला तेवढंच मिळालं, आणि त्याने ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्यामुळे त्यांचे शब्द साधे असले तरी शब्दांची जोडणी त्या मेलेल्या साहेबांची होती.

"वुई शॅल वेट हिअर, फॉर द लंगूर हॅज कॉल्ड." मोर दिसला की, "ब्यूटिफुल, ऑलबीट कॉमन." पाणवठ्यावर सांबर आलं की, "व्हाइल्स्ट ही ड्रिंक्स, नो टॉकिंग." म्हैस व्याली तेव्हाचा त्यांचा रजेचा अर्ज गेटवरच्या बाबूने टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. "इनॅझमच अ‍ॅज माय शी-बफेलो हॅज काव्ड, आय शॅल नॉट कम टुमॉरो." आल्यागेल्याला तो बाबू हा अर्ज चहाबरोबर दाखवायचा.

मीही हसले. खोटं कशाला बोलू? पण शिकवताना मी कडक असते, आणि त्याचा मला गर्वही आहे. फळ्यावर चार शब्द लिहिले: बट, सो, बिकॉज, ऑर. म्हटलं, या चार खुंट्यांवर जगाचं सगळं बोलणं टांगता येतं. बाकीचे आता अडगळीत गेले.

"लेस्टबी गेला का जी?" मागच्या बाकावरून आवाज आला.

"तो तर केव्हाच गेला, काकाजी. कोणी बोलत नाही आता."

"मी बोलतो ना."

पोरं हसली. मी म्हटलं, बोलायचाच असेल तर निदान वाक्य पुरं करा. लेस्टच्या पुढे काहीतरी यावं लागतं. बसून राहा, नाहीतर अमुक होईल. ते अमुक कुठंय तुमचं?

"पुरंच हाये जी ते," काकाजी म्हणाले आणि टोपी झटकत बसले.

पाच दिवस आमचं हेच चाललं. मला वाटायचं, त्यांना पुढचं येत नाही, आणि म्हातारपणी ते कबूल करायला लाज वाटते. परीक्षेचा तक्ता मीच आखला होता. त्यात मी एक रकाना मुद्दाम घातला: सुरक्षेची सूचना, कारणासहित, पूर्ण वाक्यात. या रकान्यात शून्य मिळालं तर बाकीचे गुण मोजायचे नाहीत. मला तो रकाना फार आवडला होता.

सहाव्या दिवशी सरावासाठी आम्ही खऱ्या पर्यटकांबरोबर निघालो. मार्च सरत आला होता आणि मोहाची फुलं पडत होती. पुढच्या जिप्सीत माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी गाइड म्हणून होता, मागच्या जिप्सीत काकाजी आणि मी. एका वळणावर दोन्ही गाड्या थांबल्या. रस्त्याला लागूनच मोहाच्या झाडाखाली अस्वलाची मादी होती, आणि तिच्या पाठीवर दोन पिल्लं.

पुढच्या गाडीतला एक गृहस्थ उठला. मोबाइल पुढे धरून त्याने एक पाय गाडीच्या दांड्यावरून बाहेर टाकला. माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, प्लीज सिट डाउन बिकॉज द बेअर इज व्हेरी डेंजरस." वाक्य निर्दोष होतं. त्या अवस्थेतही मला बरं वाटलं.

"अरे, कितना डेंजरस? इतनी तो छोटी है," गृहस्थ म्हणाला आणि दुसरा पाय उचलला.

अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. नाक वर करून हुंगू लागलं. आमच्या ड्रायव्हरचा हात चावीवर होता, पण पुढची गाडी हलल्याशिवाय आम्हाला हलता येत नव्हतं. माझा विद्यार्थी दुसरं वाक्य शोधत होता.

काकाजी आवाज न चढवता म्हणाले, "सर. सिट. लेस्ट."

त्या माणसाने वळून काकाजींकडे पाहिलं. तळवा खाली जात होता. तो बसला, पाय आत घेतले. पुढच्याच क्षणी अस्वल फुसकारत दोन झेपांत रस्त्यावर आलं, गाडीपासून हातभरावर थबकलं, आणि वळून पिल्लांसकट नाल्यात उतरलं. मी घट्ट धरलेल्या दांड्याचा वळ माझ्या तळहातावर उमटला होता.

परत आल्यावर साखळीबाहेरच्या टपरीवर मी त्यांना गाठलं. "काकाजी, आज तरी पुढचं बोलायचं. त्याचा जीव गेला असता."

"बोललो असतो तं गेलाच असता." त्यांनी चहा बशीत ओतला. "म्याडम, दगडाच्या आत वाईट तोंडातून काढत नाई. तिथं जे बोललं ते कोनी ना कोनी ऐकत असते. माह्या बापानं काढलं नाई, मी काढत नाई. अन् त्याचंबी नाव आमी घेत नाई." हे शेवटचं वाघाबद्दल होतं, ते त्यांनी दगडाकडे केलेल्या मानेच्या हालचालीवरून कळलं.

"मग मराठीत नुसतं नाहीतर म्हणायचं आणि थांबायचं."

"नाईतर म्हटलं का मानूस लगेच इचारते, नाईतर काय? लेस्ट कोनाले समजत नाई, म्हनून कोनी इचारत नाई. भेव तेवढं वाटते. तुमचं बिकॉज तं लय वाईट. एकदा म्हटलं का पुढचं सांगाच लागते. लेस्टवर थांबता येते."

मला हसूही आलं आणि त्यांच्याबद्दल काळजीही वाटली. दोन दिवसांवर परीक्षा होती. मी म्हटलं, "काकाजी, एकदाच पुरं वाक्य बोला. एकच. मग जन्मभर लेस्टवर थांबा."

"हॉलात?"

"हॉलमध्येच."

"हॉल दगडाच्या आत हाये."

"इंग्रजीत बोलायचंय. तुमच्या देवाला कुठे इंग्रजी कळतं?"

"माह्यापेक्षा जास्त साहेब पाहिलेत जी त्यानं," काकाजी म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी टेबलामागे एक मोठे साहेब आणि मी. पोरं एकामागून एक आली आणि बिकॉज म्हणत पास होऊन गेली. काकाजी आले, इस्त्रीचा शर्ट घालून. प्राणी, पक्षी, झाडं, सगळ्याची उत्तरं त्यांनी दिली. ऐन आणि बिजा या झाडांतला फरक सांगताना तर साहेब डोळे मोठे करून ऐकत होते. मग माझा रकाना आला.

साहेबांनी विचारलं, "मान लो टूरिस्ट गाड़ी से उतर रहा है. क्या बोलोगे?"

"सर, प्लीज डू नॉट अलाइट, लेस्ट."

"लेस्ट क्या?"

काकाजींनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं.

"आगे बोलो, काकाजी. लेस्ट क्या?"

त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. दारात पोरं दाटीने उभी होती. आता त्यांच्यातही कोणी हसत नव्हतं. मी हळूच म्हटलं, "बोला ना काकाजी." ते खिडकीबाहेर झाडांकडे पाहत होते. मग एकदम उठले.

"साहेब, दोन मिनिटं बाहेर चला. साखळीच्या तिकडं. सगळं सांगतो. पुरं सांगतो."

साहेब चिडले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, सब्जेक्ट आपका है. आप बताइए."

साखळी किती लांब होती? जायला एक मिनिट, यायला एक मिनिट. मला कारणही ठाऊक होतं, साहेबांना नव्हतं. मी नुसती उठले असते तरी साहेब उठले असते. पण दारातली पोरं माझ्याकडे पाहत होती. वाटलं, आत्ता उठले तर आठ दिवस शिकवलेल्याचा तमाशा होईल. मी म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखा आहे," आणि रकान्यात शून्य लिहिलं.

शेरेबुकं वाचलेल्या माणसाला उलटा कागद वाचायला काय लागतं? त्यांनी आकडा पाहिला. "थँक्यू, म्याडम," म्हणाले, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि गेले.

त्यांचं नाव कटलं. उन्हाळाभर ते गावातल्या कोणाच्या तरी विहिरीच्या कामावर होते, पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या मजुरीला. हे मला आमच्या जिप्सीच्या ड्रायव्हरने फोनवर सांगितलं, मी न विचारता. "मैडम, काकाजी चिखल में खड़े थे, मैंने हॉर्न नहीं बजाया," तो म्हणाला. त्या रात्री मला झोप आली नाही. नंतरही पुष्कळ रात्री आली नाही. कॉलेजात पेपर तपासताना पोरांच्या अर्धवट वाक्यांवर लाल पेन ठेवायला हात धजेना.

शेवटी मी अर्ज केला. फेरपरीक्षा घ्यावी, आणि ती जंगलाबाहेर, गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घ्यावी. कारण काहीतरी गुळमुळीत लिहिलं, हॉलमध्ये उकडतं म्हणून. मधल्या काळात साहेब बदलले होते. नव्यांनी फार न पाहता सही केली.

मग मी काकाजींच्या घरी जाऊ लागले. पहिल्यांदा ते म्हणाले, "पाहू." दुसऱ्यांदा म्हणाले, "चहा घ्या." तिसऱ्यांदा मी त्यांच्या ओसरीवर बसून रडले, हे सांगायलाही आता लाज वाटते. चौथ्यांदा त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "येतो जी. कवा हाये?"

सप्टेंबरातला दिवस होता. वर्गाच्या खिडकीतून धानाची शेतं दिसत होती, जंगल दोन कोस मागे. काकाजी तोच शर्ट घालून आले. नवे साहेब माझ्या शेजारी बसले होते, पण प्रश्न मीच विचारला. "पर्यटक गाडीतून उतरतोय. तुम्ही काय सांगाल?"

"सर, प्लीज डू नॉट अलाइट, लेस्ट," ते म्हणाले आणि थांबले. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, आणि पुढे बोलले.

ते इंग्रजीतच बोलत होते. मी मराठीत सांगते. म्हणाले, नाहीतर अस्वल तोंडच धरतं. आधी डोक्याची कातडी पुढे येते, त्यामुळे त्या माणसाला दिसत नाही, आणि त्याला वाटतं संध्याकाळ झाली. तो ओरडत नाही. पाणी मागतो. पाणी देऊ नका, कारण ते प्यायला त्याला ओठ राहिलेले नसतात. त्याला खाटेवर घालून आणावं लागतं, आणि चौघांपैकी एकाला त्याचा हात धरून चालावं लागतं, कारण तो सारखा हात चेहऱ्याकडे नेतो. घरी त्याची बायको त्याला ओळखत नाही. करदोडा दाखवावा लागतो.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. काकाजी थांबले नाहीत. दुसरं वाक्यही लेस्टनेच सुरू झालं. ते वाघाचं होतं, आणि त्यात तेंदूपत्त्याला गेलेली एक पोरगी होती. तिसऱ्यात तिच्या बापाला काय काय मिळालं आणि काय मिळालं नाही, ते होतं. इतक्या वर्षांत जिप्सीच्या पुढच्या सीटवर बसून त्यांनी जिथे जिथे वाक्य सोडलं होतं, तिथलं सगळं त्यांना येत होतं. एकेका वाक्याला माणूस होता, नाला होता, झाड होतं. मी त्यांना थांबवायला हवं होतं.

शेवटी ते आपणच थांबले. "इज इट कम्प्लीट, म्याडम?" त्यांनी विचारलं.

मी पूर्ण गुण दिले.

ऑक्टोबरात जंगल उघडलं त्या पहाटे मी त्यांचं नवं ओळखपत्र घेऊन गेटवर हजर होते. बाबूने पाळीची यादी वाचायला घेतली. काकाजींचं नाव पहिलं होतं. बाबूने ते तीनदा पुकारलं आणि मग दुसऱ्याला गाडी दिली. मी तशीच त्यांच्या गावात गेले.

ते ओसरीवर सुतळी वळत बसले होते. मी म्हटलं, "काकाजी, पहिलं नाव तुमचं होतं."

"मी आता नाई जात जी."

"काऊन?" माझ्याही तोंडून त्यांच्याच बोलीतला शब्द निघाला. "शाळेत तर बोललात. दगडाच्या बाहेर."

"बोललो ना. पन एकदा निघालं का मंग ते मानसासंगंच फिरते. पोटात होतं तवा गप होतं. आता लेस्ट म्हटलं का पुढचं तोंडाशी येऊन राहिलं. घरातबी येते. तिथं आत आलं तं?" त्यांनी सुतळीला पीळ दिला. "एकटा असतो तं गेलो असतो. गाडीत सा जनं असतात."

मी ओळखपत्र हातात धरून उभी होते. "हे असं होणार, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं ना."

"मग आलात कशाला परीक्षेला?"

सुतळी बाजूला ठेवून ते समजावणीच्या सुरात बोलू लागले. "माझं नाव तं मार्चातच कटलं होतं जी. त्याचं मी मनाले समजावलं होतं. पन तुमी एवढ्या दूरून येऊन राहिल्या, अन् चहा न पिता रडून राहिल्या. म्हटलं, पास होऊन टाकू. म्याडमचं मन तं मोकळं होईन." त्यांनी माझ्या हातातून ओळखपत्र घेतलं. "झालं ना जी मोकळं?"

छातीवर कोणी दगड ठेवावा तसं मला झालं होतं. मी म्हटलं, "हो काकाजी. झालं."

त्यांना बरं वाटलं. ओळखपत्र उजेडात धरून त्यांनी आपला फोटो पाहिला, चांगला आला म्हणाले, आणि तो बायकोला दाखवायला घरात गेले.